दुरुस्ती केल्यावर उरलेलं

नवी पेठेतलं सिद्धप्पांचं बाइंडिंगचं दुकान म्हणजे दोन माणसं आत शिरली की तिसऱ्यानं रस्त्यावर थांबायचं, एवढंच. एप्रिलची दुपार होती. देवयानी आपल्या प्रबंधाचा गठ्ठा सिद्धप्पांच्या हाती देत होती, तोच पंख्याच्या वाऱ्यानं वरची पाच-सात पानं उडाली आणि शेजारी उभ्या असलेल्या तरुणाच्या पायाशी पडली.

त्यानं ती उचलली, द्यायला हात पुढे केला... आणि हात तसाच राहिला. तो आलेख वाचत होता.

"माझी पानं," देवयानी म्हणाली.

"हां, हां... एक विचारू का, मॅडम? ह्या ताऱ्याला जोडीदार आहे ना?"

आहे, ती चकित होऊन म्हणाली.

"मग फिरण्याची दुरुस्ती केलीय?"

"केलीय की. पृथ्वीच्या फिरण्याची, उपग्रहाच्या फिरण्याची, सगळी."

"ती आपली झाली," तो हळूच म्हणाला. "त्याची?"

तिनं पानं जवळजवळ हिसकावूनच घेतली. बांधा हो तुम्ही, असं तिनं सिद्धप्पांना सांगितलं. पण सिद्धप्पांनी चाळीस वर्षांत पुष्कळ प्रबंध बांधले होते. ते म्हणाले, "एकदा डिंक लागला की पान निघत न्हाय, ताई. बघा." गठ्ठा काखेत मारून ती रिक्षात बसली, ती जुळे सोलापूरपर्यंत धुमसतच गेली.

तीन वर्षं तिनं त्या एका ताऱ्याला दिली होती. सोलापूर शहराएवढा, पण सूर्यापेक्षा जड असा तो मेलेला तारा बारा सेकंदांत एक गिरकी घ्यायचा. दर गिरकीला क्ष-किरणांचा एक ठोका यायचा. एरवी मंद असायचा, पण मोठ्या जोडीदार ताऱ्याचा वायू अंगावर पडला की महिनाभर पेटून उठायचा. त्या उद्रेकात पहिले अकरा दिवस ठोके एकमेकांच्या जवळ येत गेले, म्हणजे त्याची गिरकी वेगवान झाली, हा तिच्या प्रबंधाचा कणा होता.

दिवेलागणीपर्यंत तिनं गणित पुन्हा मांडलं आणि कपाळाला हात लावला. जोडीदाराभोवती घिरट्या घालताना ते अकरा दिवस तारा आपल्याकडे येत होता, दिवसागणिक जास्त वेगानं. येणारा माणूस आणि घाईतला माणूस, दोघांची पावलं तिनं एकच धरली होती. ही दुरुस्ती वजा केल्यावर वेगातली वाढ उरली जेमतेम दहावा हिस्सा. पण तेवढी मात्र खरी होती, ताऱ्याची स्वतःची.

दुसऱ्या दिवशी सिद्धप्पांकडूनच तिनं त्या तरुणाचा पत्ता काढला. शिवयोगी हिरेमठ. गाव अक्कलकोटच्या पलीकडे, एका कॉलेजात तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवायचा. ती आभार मानायला गेली तर हाच माफी मागत सुटला.

मग तो येऊ लागला. आपले तास संपले की विद्यापीठात, कॉम्प्युटरसमोर दुसऱ्या खुर्चीवर. येताना डब्यात शेंगाची चटणी असायची. अव्वानं दिली, म्हणायचा; आईला तो अव्वा म्हणायचा. त्याला यायला उशीर झाला की देवयानीचं लक्ष पडद्यावर कमी आणि दाराकडे जास्त असायचं.

एकदा वर्णपटाचं प्रकरण चाललं होतं. उद्रेक टिपेला पोचल्यावर ठोक्याचा आकारच का बदलतो, हे तो समजावत होता. "वायू थोडा पडतो तोवर किरण सरळ वर निघतात. पण फार पडायला लागला की वरची वाट कोंडते. मग सगळं बाजूनं बाहेर पडतं."

"म्हणजे आत फार दाटलं की सरळ बोलता येत नाही," ती म्हणाली.

त्यानं पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

"ताऱ्याचं म्हणतेय मी."

"मी पण ताऱ्याचंच ऐकतोय की," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

पावसाळ्यात प्रबंध तपासायला गेला. दिवाळीनंतर बेंगळुरूहून पत्र आलं. शिवयोगीची संशोधनासाठी निवड झाली होती, पाच वर्षांसाठी. त्यानं ते तिला असं सांगितलं, जणू दुसऱ्याच कुणाचं सांगतोय. ती अभिनंदन म्हणाली... आणि वाट पाहत राहिली. त्यानं आणखी काहीतरी म्हणावं म्हणून.

जानेवारीत तिची खुली तोंडी परीक्षा लागली. नेमकी त्याच दिवशी संध्याकाळी त्याची गाडी होती. आधल्या दिवशी तिच्या मार्गदर्शकांनी तिला बजावलं होतं, त्या चुकीचा विषय काढू नकोस. तासिकेवरच्या मास्तरानं चूक काढली म्हटल्यावर आपली काय शोभा राहणार?

परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं. ही दुरुस्ती कशी सुचली?

वाचनातून, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मार्गदर्शक तिच्याकडे रोखून पाहत होते. शेवटच्या रांगेत शिवयोगी मान खाली घालून बसला होता.

"मला नाही सुचली, सर," देवयानी म्हणाली. "प्रबंध बांधायला टाकला होता. तिथं शिवयोगी हिरेमठ यांनी पानं पाहिली आणि चूक दाखवली. ते मागं बसलेत."

सगळ्या माना वळल्या. परीक्षक हसून म्हणाले, नशीब, वेळेवर भेटले. मार्गदर्शक मात्र हसले नाहीत. पदवी मिळाली, चहा झाला, पण ते तिच्याशी बोलायला आले नाहीत.

बाहेर पायऱ्यांवर शिवयोगीनं तिला गाठलं. "माझं नाव कशाला घेतलंत? सर चिडले ना."

"तुम्ही घेत नाही म्हणून," ती म्हणाली. "चटणी अव्वाच्या नावावर, दुरुस्ती माझ्या नावावर. आज तुम्ही चाललात. स्वतःच्या नावावर बोलायचं काही आहे की नाही?"

तो बुटाच्या टोकानं पायरीवरची माती सारू लागला.

"अव्वाला सांगितलंय," तो शेवटी म्हणाला. "तुमच्याबद्दल. कन्नडमधे सोपं जातं."

"मला कन्नड येत नाही."

"पाच वर्षं थांबा म्हणायचा मला हक्क न्हाय, म्हणून बोललो नाही." त्यानं मान वर केली. "तुम्ही मला आवडता. लई. पहिल्या दिवसापासून नाही हां... त्या दिवशी फक्त आलेख आवडला होता."

ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"थांबायचं की नाही ते मी ठरवीन. आणि मी ठरवलंय," ती म्हणाली. "गाडी किती वाजता?"

"सव्वासहाला."

अजून चार तास होते. तिनं पायरीवर सरकून जागा केली आणि तो बसला. तो शेजारीच होता, तरी तिला त्याची आठवण यायला लागली होती.