हार घातलेला कॉम्प्युटर

खंडेनवमीच्या दुपारी तो आमच्या गोडाऊनच्या दारात उभा राहिला, तेव्हा माझ्या एका हातात कुंकवाची वाटी होती, दुसऱ्या हातात झेंडूचा हार, आणि समोर टेबलावर कॉम्प्युटर. फुल शर्ट, टाय, खांद्याला काळी बॅग. ऑक्टोबरच्या उकाड्यात पार निथळत होता बिचारा... पण हसू मात्र आत्ताच फ्रिजमधून काढल्यासारखं ताजं.

"मॅडम, दोन मिनिटं घेऊ का?"

"आलात एकदाचे," मी म्हटलं. "डोंबिवलीहून कोपरीला यायला अख्खा दिवस लागतो का हो?"

"डोंबिवली? नाही, मी कल्याणचा..."

कल्याणच्या माणसाला डोंबिवलीकर म्हटलं की तो जरा दुखावतोच. मी तिकडे लक्षच दिलं नाही. खुर्ची पुढे सरकवली, पंखा त्याच्याकडे वळवला आणि माझं रडगाणं सुरू केलं. तो 'नाही' म्हणायला तोंड उघडायचा, माझ्याकडे बघायचा, आणि पुन्हा मिटायचा.

रडगाणं असं. आमचा मांडवाचा धंदा. मांडव, खुर्च्या, टोप, जनरेटर, सगळं भाड्याने. आजोबा मिठागरात राबले, बाबांनी त्याच जागेवर गोडाऊन बांधलं. आजवर सगळी बुकिंगं माझा चुलतभाऊ प्रीतम डोक्यात ठेवायचा. त्याचं डोकं मोठं आहे, पण आतली जागा कमी. गेल्या मोसमात त्याने एकच मांडव एकाच संध्याकाळी दोन हळदींना दिला. दोन नवरदेव एका मांडवात पिवळे होऊन बसले, दोन डीजे एकमेकांवर भुंकत राहिले, आणि मटणाचा टोप नक्की कोणाचा हे शेवटपर्यंत ठरलं नाही. दोन्हीकडचे वऱ्हाडी जेवून मात्र गेले.

तेव्हा मी बाबांना म्हटलेलं, बुकिंगची वेबसाइट करू या. मी बसवते. बाबा म्हणाले, "दसऱ्याला सकाळी गिऱ्हाइकं येतात. त्यांच्यासमोर चाललं तर धंदा तू बघायचा. नाही चाललं तर प्रीतम बघेल, आणि तू जा परत ऐरोलीच्या त्या ऑफिसात एसी खायला."

आणि ते चालत नव्हतं.

म्हणजे बसवल्या दिवशी चालायचं. दुसऱ्या सकाळी पडद्यावर एकच ओळ... डेटाबेसने जोडणी नाकारली. डेटाबेस म्हणजे आतली कोठी, सगळी बुकिंगं तिथे राहतात. वेबसाइट बाहेरच्या काउंटरवर बसते आणि काही विचारलं की कोठीकडे धावते. कोठी कुठे आहे, तिचं नाव काय, कोण मागतंय आणि पासवर्ड काय, एवढ्या चार गोष्टी एका फाइलीत लिहून द्यायच्या. मी दिलेल्या. नाकारलं. मग पासवर्ड बदलला. नाकारलं. मग वैतागून सगळं पुसून पुन्हा बसवलं. दिवसभर चाललं, आणि सकाळी पुन्हा तेच. शेवटी डोंबिवलीच्या एका कॉम्प्युटरवाल्याला गाठलं. तो आज येणार होता.

"आता काय ते बघा," मी म्हटलं.

त्याने घसा साफ केला, बाह्या सारल्या आणि हात कीबोर्डकडे नेला.

"हात नको लावू रं!"

मागून आमची आत्या, आवडाबाई. हातात नारळ. तिने माझ्याकडून हार घेतला आणि कॉम्प्युटरच्या गळ्यात, म्हणजे जिथे गळा असावा असं तिला वाटलं तिथे, घातला. चालू करायच्या बटणावर कुंकू. माऊसच्या पाठीवर हळद. "आज हत्यारांची पूजा हाय. उद्या आरती झाली का मंगच हात लावाचा." आणि ती पान्याहातोड्यांना कुंकू लावायला मागे निघून गेली.

आत्यापुढे आमच्याकडे बाबांचंही चालत नाही. मी डोकं धरून बसले. तो हार घातलेल्या कॉम्प्युटरकडे गंभीरपणे बघत म्हणाला, "दारातून बघितलं तेव्हा मला वाटलेलं... गेला की काय."

कितीतरी दिवसांनी मी हसले. खरं सांगते, तिथेच थोडी घसरले.

"पेशंटला हात लावता येत नसेल," तो म्हणाला, "तर निदान विचारपूस तरी करू. त्रास कधीपासून?"

"म्हणजे?"

"सांगा तर. कधीपासून होतंय? सारखं होतं की ठरावीक वेळेला? आधी काय खाल्लेलं... म्हणजे, आधी काय बदललेलं?"

कोणी मला असं विचारलंच नव्हतं. प्रीतम म्हणायचा, तुला जमत नाही. बाबा म्हणायचे, बघ बाबा. यूट्यूबवरचा माणूस तर माझं ऐकतच नव्हता. हा मात्र मान किंचित कलती करून, डोळे माझ्यावर ठेवून ऐकत होता, जणू मी जगातली सगळ्यात महत्त्वाची कोठी समजावून सांगतेय.

चहा आला तेव्हा माझा फोन वाजला. डोंबिवलीचा कॉम्प्युटरवाला. आज जमत नाही मॅडम, दसरा झाला की येतो.

मी टायवाल्याकडे बघितलं. तो बशीत चहा ओतून फुंकत होता. बॅगेची चेन अर्धी उघडी होती, आणि आतून खोकल्याच्या औषधाची बाटली डोकावत होती. तिच्या मागे कुठल्याशा गोळ्यांचं नाव छापलेली पेनं, गठ्ठ्याने.

औषध कंपनीचा एमआर. डॉक्टरांच्या दाराबाहेर बसून दिवस काढणारा माणूस. कॉम्प्युटरशी त्याचा काडीचा संबंध नव्हता!

"काही घाई नाही," मी फोनवर म्हटलं, आणि ठेवून दिला.

का, ते विचारू नका. माणूस चुकीचा होता, प्रश्न बरोबर होते.

नाव साकेत. हळूहळू आम्ही 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो, कोण आधी आलं ते आठवत नाही. येताना टेंभी नाक्याच्या देवीचं दर्शन घेऊन आलेला, तिथला प्रसाद त्याने रुमालातून काढून मला दिला. कोणाचं काय चुकलं हे त्याने एकदाही सांगितलं नाही. उलट मी एकटीने हे सगळं बसवलं म्हटल्यावर त्याच्या भुवया अशा काही वर गेल्या की मला उगाच केस नीट करावेसे वाटले.

"एक सांग," तो म्हणाला. "ही नकाराची ओळ. डेटाबेस स्वतः समोर येऊन नाही म्हणतो का?"

"नाहीच म्हणतो ना. नाकारली म्हणजे नाकारली."

"तसं नसतं ग." तो पहिल्यांदाच एखाद्या तज्ज्ञासारखा पुढे झुकला. "नकारातलं मला विचार. कंपाउंडर म्हणतो, डॉक्टर तुम्हाला भेटणार नाहीत... तो एक नकार. त्यात माझं नाव आत गेलेलं असतं, डॉक्टरांनी तोंड वाकडं केलेलं असतं. आणि दुसरीकडे शटरच खाली असतं. तिथेही परतच जावं लागतं, पण तिथे मला कोणी नको म्हटलेलंच नसतं. डॉक्टर आलेच नाहीत. त्या दारासमोर मी कितीही टाय बदलले तरी काय फायदा?"

मी पासवर्डच बदलत बसलेले. टाय!

डोक्यात खटाखट दिवे लागत गेले. आत कोणी असतं आणि पासवर्ड चुकला असता, तर ओळ वेगळी आली असती. या नावाच्या माणसाला प्रवेश नाही, अशी. माझं नाव घेऊन आली असती. इथे नावच नव्हतं. म्हणजे कोठी बंदच होती. आत कोणी उठलेलंच नव्हतं. पण मग बसवल्या दिवशी...

तेवढ्यात दिवेलागणीला आत्या आली, भिंतीशी गेली आणि खाट्कन मेन स्विच पाडला. ट्यूब गेली. पंखा दमल्यासारखा फिरत फिरत थांबला.

"आत्या, हे रोज करतेस?"

"रोजच. मागं शॉर्टसर्किट झालं, अख्खं मखर जळलं. इसरलीस?"

अंधारात आम्ही दोघं एकदमच एकमेकांकडे वळलो. सगळं पुन्हा बसवलं की बसवताना डेटाबेस चालू व्हायचा. संध्याकाळी आत्या त्याला झोपवायची. सकाळी कॉम्प्युटर उठायचा, वेबसाइट उठायची, पण डेटाबेसला उठ म्हणून कोणी सांगितलेलंच नसायचं.

"सापडलं," मी म्हटलं.

"तुला सापडलं," तो म्हणाला. "मी फक्त... नकारांबद्दल बोलत होतो."

अंधारात त्याचा चेहरा दिसत नव्हता. बरंच झालं, माझाही दिसत नव्हता.

दुसऱ्या सकाळी गोडाऊन भरलं. बाबा पांढऱ्या कपड्यांत, गिऱ्हाइकं आमच्याच खुर्च्यांवर, प्रीतम खांबाला टेकून मिशीत हसत. आरती झाली, आत्याने हार काढला. मी दाराकडे बघणार नाही असं ठरवलेलं. बघितलं. साकेत चपला काढत होता. आज टाय नवा होता.

मी कॉम्प्युटर लावला. तीच ओळ. प्रीतम खोकला. मी हाताने डेटाबेस चालू केला, पान पुन्हा उघडलं... आणि पडद्यावर लाल अक्षरांत नवीनच चूक. या नावाच्या माणसाला प्रवेश नाही.

बाबांचा चेहरा उतरला. गिऱ्हाइकं कुजबुजली. आणि मी आणि साकेत, आम्ही दोघं वेड्यासारखे हसत सुटलो.

"आत माणूस आहे," मी त्याला म्हटलं.

"आणि तुझं नाव घेऊन नाही म्हणतोय," तो म्हणाला.

आता राहिला पासवर्ड. घाबरून इतके बदललेले की फाइलीत भलताच बसलेला. मी अगदी पहिला आठवला, दर वेळी बसवताना कोठीला दिलेला, आत्याने सांगितलेला, एकविरा आईच्या नावाचा. तो फाइलीत टाकला. पान उघडलं, मांडवाच्या फोटोसकट. मग एक शेवटची गोष्ट केली... यापुढे कॉम्प्युटर उठला की डेटाबेसनेही आपणहून उठायचं, असं त्याला सांगून ठेवलं.

"आत्या," मी म्हटलं, "स्विच पाड."

"येडी का खुळी तू? आता कुठं चाललंय..."

"पाड ग."

खाट्कन सगळं बंद. बाबांनी कपाळाला हात लावला. आत्याने स्विच परत वर केला. कॉम्प्युटर डुलत डुलत उठला. मी पान उघडलं. उघडलं! कोणी हात न लावता, कोणी न उठवता.

बाबा उठून टेबलाशी आले. फक्त म्हणाले, "प्रीतम, खुर्च्या पूस." आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्यापुढे ठेवला.

पहिलं बुकिंग कोणाचं, म्हणून गिऱ्हाइकांत चुळबुळ सुरू झाली. साकेत पुढे आला. "पन्नास खुर्च्या," तो हळूच म्हणाला. "आमच्या सोसायटीची कोजागिरी आहे. काल त्याचसाठी आलेलो मी. कल्पिता... मी कॉम्प्युटरवाला नाहीये."

"माहितीये."

"कधीपासून?"

"चहापासून. तुझ्या बॅगेला खोकला झालेला."

तो लाल झाला, कानांपर्यंत. आजूबाजूला गर्दी, मागे आत्या, आणि हा टायची गाठ उगाच सैल करत उभा. खिशातून आपट्याचं एक पान काढून त्याने माझ्यासमोर धरलं. कालचा तज्ज्ञ कुठच्या कुठे पळालेला.

"मला नकाराची सवय आहे," तो म्हणाला. "तू नाही म्हटलंस तरी चालेल. फक्त एवढं सांग... आत कोणी आहे की शटर खाली आहे?"

पान घेतलं मी. घेताना त्याची बोटं जरा जास्तच वेळ माझ्या बोटांत राहिली, ती चूक नक्की कोणाची हे शोधायचं बाकी आहे.

"रांग बघितलीस ना?" मी म्हटलं. "आधी पेशंट. एमआर शेवटी."

तो गेला आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला. बॅग मांडीवर, पाठ ताठ, डोळे माझ्यावर. गिऱ्हाइकं येत राहिली, हळदी आणि साखरपुडे नोंदवत राहिली, एकाही मांडवात दोन नवरदेव बसले नाहीत. आत्याने त्याला चहा दिला, मग भजी, मग पुन्हा चहा, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "यो बसला कवापासून. बसणारा दिसतो."

उन्हं कलली. शेवटचं गिऱ्हाईक गेलं. मी पडद्यावरून नजर काढली आणि कंपाउंडरच्या आवाजात हाक दिली, "पुढचे."

तो उठला, टाय सरळ केला, टेबलासमोर आला.

"मॅडम... दोन मिनिटं घेऊ का?"

मी समोरची खुर्ची पायाने पुढे ढकलली.

"दोन मिनिटांनी काय होतंय? बस."