चार नंबर

बसा सगळे. मधे कुणी तोंड घालायचं नाही. ज्याला बाहेर जाऊन यायचंय त्याने आत्ताच जाऊन यावं. नंतर एकट्याने जायची छाती होणार नाही, आणि मी म्हातारा माणूस, बॅटरी घेऊन तुमच्यामागे येणार नाही.

मी परदेशात, बर्फाच्या मुलखात राहायचो तेव्हाची गोष्ट. ज्याच्यासोबत हे घडलं तो माझ्या भिंतीला भिंत लावून राहायचा. शाळेची बस चालवायचा. सरळ माणूस. रचून सांगण्याइतकं डोकंच नव्हतं त्याला.

त्याच्या बसमध्ये चाळीस पोरं. प्रत्येकाला नंबर दिलेला. बस निघायच्या आधी पोरांनी ओळीने आपापला नंबर ओरडायचा. चाळिसावा ऐकला की हा गिअर टाकायचा. मान म्हणून वळवायचा नाही.

“डोळा फसतो,” तो म्हणायचा. “कार्टी जागा बदलतात, दप्तराला टोपी घालून ठेवतात. आवाज कसा फसेल? आवाज आला म्हणजे पोर आहे.”

चौदा वर्षांत एक पोर मागे राहिलं नाही. त्याची भारी घमेंड. घरच्या गाडीतही तोच कायदा. तो एक, बायको दोन, म्हातारी आई तीन आणि सहा वर्षांची चिमी चार.

तर त्याच्या धाकट्या भावाला मुलगा झाला. भाऊ पार वर उत्तरेला, खाणीत कामाला. बाळंतिणीजवळ बाईमाणूस नाही, म्हणून आईला तिथे नेऊन सोडायचं. काम एवढंच. दोन दिवसांचा रस्ता.

डिसेंबरची एकोणीस तारीख, शुक्रवार. तिकडे त्या दिवसांत दुपारी तीनलाच अंधार पडतो. दोन्ही बाजूंना काळी उंच झाडं, मधे बर्फाचा रस्ता. शंभर-शंभर किलोमीटर घर नाही, दिवा नाही. अशा रस्त्यावर मधे मधे लाकडी खोपटं बांधलेली असतात. वादळात कुणी अडकलं तर आसऱ्याला. रात्री अकराच्या सुमाराला तसं एक खोपट दिसलं आणि आई म्हणाली, “थांबव रे बाबा. आता काही धरवत नाही.”

“आई, तासापूर्वी तर थांबलो होतो.”

“तू माझ्या वयाचा हो, मग बोल.”

थांबला. बायको बॅटरी घेऊन सासूला खोपटामागे घेऊन गेली. हा खाली उतरून दिव्यांवरचा बर्फ खरवडत बसला. चिमी मागच्या सीटवर गोधडीत गुरफटून झोपलेली. थंडी अशी की थुंकी खाली पडायच्या आत गोठावी.

पाच-सात मिनिटांत सगळे परत आले. दारं लागली. आत काळोख.

“नंबर,” हा म्हणाला.

“अहो, आत्ता कशाला? झोपलीय ती.”

“नंबर म्हणजे नंबर. एक.”

“दोन,” बायको रागाने म्हणाली.

“तीन,” आई म्हणाली.

मग गोधडीतून, बारीक, झोपेतला आवाज...

“चार.”

याने गिअर टाकला. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं.

रस्ता निसरडा. तीसच्या वर काटा जात नव्हता. थोड्या वेळाने आई मागून म्हणाली, “हिचा हात किती गार पडलाय रे. हीटर वाढव.”

याने वाढवला.

“अजून गारच आहे. मी धरून बसलेय, तरी ऊब येईना.”

बायकोने पुढूनच विचारलं, “चिमे, थंडी वाजतेय का गं?”

“चार.”

तिघंही हसले. बायको म्हणाली, “बघा, काय करून ठेवलंत पोरीचं. झोपेतही नंबर!”

“शिस्त आहे शिस्त,” हा म्हणाला.

आणखी काही किलोमीटर गेले असतील. आईने हळूच विचारलं, “चिमे, भूक लागलीय का बाळा?”

“चार.”

या वेळी कुणी हसलं नाही.

तेवढ्यात मागे पिवळा दिवा फिरताना दिसला. पाठोपाठ हॉर्न. थांबतच नव्हता. रस्त्यावरचा बर्फ लोटणारी मोठी गाडी होती. याने गाडी कडेला घेतली, काच खाली केली. ती गाडी मागे येऊन थांबली. वरून एक दांडगा माणूस उतरला. त्याच्या कोटाच्या आत काहीतरी गुंडाळलेलं.

“काय हो, डोकं ठिकाणावर आहे का?” तो लांबूनच ओरडला. “पोटचं पोर खोपटात टाकून निघता? दहा मिनिटं उशीर झाला असता, तर लाकूड झालं असतं तिचं!”

“कुणाचं पोर? आमचं मागे झोपलंय.”

“मग ही कोण?”

त्याने कोट उघडला.

चिमी. ओठ निळे. एका पायात बूट नाही. आजीच्या मागे जायचं म्हणून दुसऱ्या दाराने उतरली होती. अंधारात उलट्या बाजूने गेली आणि वाऱ्याला भिऊन खोपटात शिरली. बाहेर आली तर गाडीचा लाल दिवा दूर जाताना दिसला.

“बाबा,” ती रडत म्हणाली, “मी ओरडले... तुम्ही थांबलाच नाहीत...”

बायको दार उघडून पळाली, पोरीला उराशी धरलं. तो दांडगा माणूस अजून शिव्याच घालत होता.

हा मात्र जागचा हलला नाही.

मागच्या सीटवरून आई म्हणाली. अगदी हळू.

“अरे... मग माझ्या हातात कुणाचा हात आहे?”

याची मान वळेना. चौदा वर्षं जी वळवली नाही ती मान. समोरच्या आरशात बघायचंही धाडस होईना.

काय वाटलं त्याला कोण जाणे. खात्री करायची होती म्हणा, की सवय म्हणा. बोलला.

“नंबर.”

“चार,” बाहेरून चिमी हुंदका देत म्हणाली.

“चार,” मागून आवाज आला.

एकाच वेळी. एकाच आवाजात.

तो दांडगा माणूस शिव्या द्यायचा थांबला. दोन पावलं मागे सरकला.

इंजिनाची घरघर... पिवळा दिवा गोल फिरतोय...

“आई,” हा म्हणाला. “हात सोड.”

“मी कधीच सोडलाय रे...”

तेव्हा तो उतरला. आई आत होती ना. मागचं दार उघडलं. गोधडी दोन्ही हातांनी धरली आणि एकदम ओढली.

सीट रिकामी.

आईला त्याने उचलूनच बर्फाच्या गाडीत नेलं. त्या रात्री सगळे त्या दांडग्याच्या केबिनमध्ये एकमेकांना खेटून बसून पुढे गेले. याची गाडी तिथेच राहिली. चाव्यासुद्धा आतच. आणायला कुणी गेलं नाही. वाटेत कुणी कुणाला मोजलं नाही.

सकाळी भावाच्या घरी उजेडात पाहिलं, तर आईच्या उजव्या हाताच्या पाठीवर पांढरट खुणा. चार बोटं आणि एक अंगठा. डॉक्टर म्हणाला, थंडीने कातडी जळलीय, जाईल महिन्याभरात. चिमीने खेळता खेळता त्यावर आपला हात ठेवून पाहिला. बरोबर बसला.

त्या खुणा गेल्या नाहीत. म्हातारी पुढे नऊ वर्षं जगली. ती गेली त्या दिवशी मी तिच्या उशाशी होतो. चिमी पंधरा वर्षांची झालेली, उंचीने बापाच्या खांद्याला लागलेली. तिने आजीचा हात हातात घेतला, आणि काय सुचलं पोरीला, आपली बोटं त्या खुणांवर ठेवली.

मी या डोळ्यांनी पाहिलं.

तेव्हाही बरोबर बसली.