रोज अर्धा किलो मीठ

"ओ छत्रीवाले भाऊ! रांग दिसत नाही काय?"

दाराशीच बसणाऱ्या भाजीवाल्या पार्बताबाईचा आवाज खणखणला आणि ललितानं तराजूवरून मान वर केली. भांडाराच्या दारात एक उंच तरुण उभा होता. छत्रीतून पाणी गळत होतं, चष्म्यावर थेंब होते, आणि त्या थेंबांआडून तो थेट तिच्याकडेच पाहत होता... निदान तिला तसं वाटलं. त्यानं काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण पार्बताबाईनं हातातल्या रिकाम्या टोपलीनंच त्याला बाहेरची वाट दाखवली. तो मुकाट्यानं फिरला आणि पावसात, रांगेच्या अगदी शेवटी जाऊन उभा राहिला.

सन १९६५, सप्टेंबरची चौदा तारीख, मंगळवार. लढाई शेकडो कोसांवर होती. अमरावतीत ती मिठाच्या रूपानं आली. मीठ कच्छाकडून येतं आणि तिकडे तर लढाई, असं कोणीतरी म्हणालं. मालगाड्या साऱ्या फौजेकडे गेल्या, अशी दुसऱ्यानं भर घातली. एका दिवसात बाजारातलं मीठ संपलं. त्याच्यामागे काडेपेट्या गेल्या, मग घासलेट, मग साखर. महिन्याला एक किलोही मीठ न लागणारी घरं पाच-पाच किलो मागू लागली.

जवाहर गेटाच्या आतलं श्रमिक ग्राहक भांडार हे सहकारी दुकान. ललिता तिथे विक्रीला होती. रोज बडनेऱ्याहून सकाळच्या शटल गाडीनं येई, संध्याकाळच्या शटलनं परत जाई. नोकरी तिनं एक वर्षाच्या उमेदवारीच्या बोलीवर धरली होती, आणि ते वर्ष तीस सप्टेंबरला भरत होतं. तोवर एक जरी तक्रार झाली तरी नोकरी गेली. तिच्या घरात तिच्याआधी कोणत्याही बाईनं खुर्चीवर बसून काम केलं नव्हतं. तिचे वडील जानराव रेल्वेत रूळ बदलणारे पॉइंट्समन होते, ते रोज सकाळी एकच वाक्य बोलत, "कायम हो, पोरी. मंग काय करायचं ते कर."

सोमवारी भांडारातल्या फळ्या उघड्या पडल्या तेव्हा ललिताच्या एक गोष्ट लक्षात आली. माणसं टंचाईला नाही, रिकाम्या फळीला भितात. अर्धा किलो घ्यायला आलेला माणूस उघडी फळी पाहून पाच किलो मागत होता. मागच्या खोलीत चार पोती मीठ शिल्लक होतं. ते समोर मांडलं असतं तर चार तासांत संपलं असतं. म्हणून मंगळवारी दार उघडण्याआधी तिनं गोदामातले तेलाचे रिकामे डबे आणले, त्यांच्यावर मीठ, साखर, मीठ, साखर अशा चिठ्ठ्या चिकटवल्या आणि तीन फळ्या गच्च भरून टाकल्या.

आणि माणसं खरंच शांत झाली. भरलेल्या फळीकडे एकदा पाहत, माणशी अर्धा किलो घेत आणि घरी जात. व्यवस्थापक नत्थुजींनी डब्यांकडे पाहिलं, मान खाजवली आणि म्हणाले, "म्या काई पाह्यलं नाही."

छत्रीवाल्याची पाळी पाऊण तासानं आली.

"पिशवी?" ललितानं विचारलं.

"साठा पाहायचा आहे," तो पुस्तकी मराठीत म्हणाला. "मी धर्मपाल तेलगोटे. पुरवठा निरीक्षक."

ललिताच्या हातातलं माप हातातच राहिलं. "मंग आधी काहून नाही सांगितलं? पाऊण तास पावसात..."

"रांग होती," तो म्हणाला.

तो गल्ल्यामागे आला. सबंध रांग माना उंच करून पाहत होती. मधल्या फळीवरच्या एका डब्याला त्यानं एका हातानं धरलं आणि उचललं. डबा पिसासारखा वर आला... आणि ललिताचा जीव खाली गेला. झालं. संपलं. तीस तारखेपर्यंत थांबायचीही गरज नाही.

धर्मपालनं तिच्याकडे पाहिलं. मग रांगेकडे पाहिलं. मग दुसरा हात डब्याच्या बुडाशी घातला, कमरेत वाकला, दात-ओठ आवळले आणि आत पंधरा किलो माल असावा अशा बेतानं तो डबा सावकाश फळीवर परत टेकवला. वर खिशातला रुमाल काढून कपाळ पुसलं.

"सांभाळून, साहेब," दारातून पार्बताबाई म्हणाली, "कंबर धरते अशानं!"

वहीत काहीतरी लिहून, छत्री उघडून तो निघून गेला.

ललिता गोंधळून गेली ती तिथपासून. त्यानं तिला वाचवलं होतं की लटकवून ठेवलं होतं? नत्थुजींचं मत पक्कं होतं. "कुठीतरी पाणी मुरते, पोरी. फुकट कोणी वाकत नाही. उद्या येईन तो, काईतरी मागील. सांभाळून राहा."

दुसऱ्या दिवशी तो आला. रांगेत उभा राहिला, पाळी आली तेव्हा पिशवी पुढे केली आणि खरंच मागितलं.

"अर्धा किलो मीठ."

"बस?"

"बस."

गुरुवारी पुन्हा आला. अर्धा किलो मीठ. ललिता मीठ तोलताना तो चष्मा पुशी, आणि ती पिशवीत ओतू लागली की चष्मा लावी. तिनं वर पाहिलं की तो फळीकडे पाही. ती फळीकडे वळली की... पाठीला कळतं माणसाच्या. की तिला उगीच वाटत होतं?

शुक्रवारी रांग छोटी होती. तिला राहवलं नाही.

"घरी कितीजण आहेत तुमच्या?"

"एकटाच आहे. खोली घेऊन राहतो. घर तेल्हाऱ्याकडे."

"एकट्या माणसाला तीन दिवसांत दीड किलो मीठ! लोणचं घालता की काय?"

तो कानापर्यंत तांबडा झाला. "नाही... म्हणजे... मी रांग मोजतो. मंगळवारी एकशेचाळीस माणसं होती. बुधवारी एकशेदहा. काल नव्वद. आज साठच. तुमची युक्ती लागू पडून राहिली."

पुस्तकी मराठी कुठेतरी गळून पडली होती. ललिताला हसू आलं. तिनं ते मापाआड लपवलं.

"रांग मोजायला मीठ घ्यावं लागते काय?"

"नुसतं उभं राह्यलं तं ते बाई टोपली दाखवते."

"आणि... पहिल्या दिवशीचं तुमी लिहिलं काय वहीत?"

"अजून नाही."

"काहून?"

तो पिशवीचं तोंड बांधू लागला. मागचा माणूस खाकरला. "अहवाल सोमवारी द्यायचा आहे," तो एवढंच म्हणाला आणि गेला.

म्हणजे काय? लिहिणार होता? की नव्हता? आणि ही रांग तो मोजत होता, की... शटल बडनेऱ्याला लागली तरी ललिता उतरायचं विसरली होती.

शनिवारी सकाळी ती जवाहर गेटाशी आली आणि तिचे पाय थबकले. रांग गेटाबाहेर आली होती. तीनशे माणसं तरी असतील! कोणाच्या हातात पिशवी, कोणाच्या हातात गोणी. दार उघडताच लोंढा आत घुसला.

"पाच किलो!"

"मले दहा!"

"माणशी अर्धा किलोच," ललिता ओरडली. "माल आहे! काल साठ माणसं होती, आज झालं काय तुमाले?"

"झालं काय म्हणते!" पुढचा गोणीवाला ओरडला. "पुरवठ्याचा साहेबच रोज मीठ भरून राहिला! आमच्या गल्लीत माणिकबाईच्या खोलीत राह्यते तो. तिनंच सांगितलं. साहेबालेच माहीत मीठ येणार नाही म्हणून, तं आमी काहून भरू नाही?"

गर्दी पुढे रेटली. कोणाचा तरी हात मधल्या फळीला लागला. एक डबा खाली आला आणि फरशीवर ठणाठणा वाजत दारापर्यंत गडगडत गेला. झाकण उडालं. आत काही नव्हतं.

एकच कालवा उठला. "रिकामा! सारे रिकामे! फसवून राहिले आपल्याले! माल काळ्या बाजारात गेला!" नत्थुजी गल्ल्याखाली बसले ते दिसेनातच.

आता लपवायला उरलंच काय होतं? ललिता स्टुलावर चढली.

"हो, रिकामे आहेत!" ती म्हणाली. आवाज कापत होता, पण पोचत होता. "म्या लावले. रिकामी फळी पाहून तुमी भिता म्हणून लावले. पण काळ्या बाजारात दाणा नाही गेला. दीड पोतं मीठ आहे मागं. या, पार्बताबाई, आत येऊन डोळ्यानं पाहा! माणशी पाव किलो घेतलं तं सगळ्यांना पुरते."

"आणि साहेब काहून भरते मंग?" मागून कोणी ओरडलं. "विचारा नं त्यालेच! हा काय, रांगेतच उभा आहे!"

सारी गर्दी वळली. धर्मपाल नेहमीच्या जागी होता, काखेत छत्री, हातात पिशवी. त्याला साहेबी आवाज काढता आला असता. पोलिसाला बोलावता आलं असतं. त्यानं चष्मा काढला.

"माझ्या खोलीत दीड किलो मीठ पडून आहे," तो म्हणाला. "त्यातलं चिमूटभरही मले लागत नाही. मिठाची टंचाई म्हणून घेतलं नाही."

"मंग कायसाठी घेतलं?"

"इथं... बोलाले मिळावं म्हणून." त्याची नजर जरा वर, स्टुलाकडे गेली आणि तिथेच राहिली. "मीठ घेतल्याशिवाय दोन शब्द बोलता येत नव्हते."

तीनशे माना त्याच्यावरून स्टुलाकडे वळल्या. पाऊस पत्र्यावर तेवढा वाजत होता. मग पार्बताबाईनं टोपली कमरेवर घेतली.

"मंग आधीच सांगायचं नं, बाप्पा! याचं काळीज ठिकाणावर नाही, आन् आमी पाच-पाच किलो मिठाच्या मागं धावून राहिलो!"

हसण्याची अशी लाट उठली की गर्दीतली सगळी भीती तीत विरघळली. गोणीवाले गोण्या लपवू लागले. पाव-पाव किलो घेऊन, जाता जाता दोघांकडे एकेक नजर टाकून, माणसं पांगली.

दुपारी भांडार रिकामं झालं तेव्हा ललितानं त्याला गाठलं. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते रागाचं की कशाचं हे तिलाच उमगत नव्हतं.

"तीनशे माणसांपुढं? मले विचारलं काय आधी?"

"तुमचं नाव नाही घेतलं म्या."

"नाव घ्यायचं काय राह्यलं? पाह्यत तं माझ्याचकडं होते!"

"पाह्यलं फक्त..."

"तेच तं!"

तो खाली मान घालून हलकेच म्हणाला, "म्हणत असाल तं अहवालात लिहितो, डबे माझ्याच हुकमानं लावले. तुमच्यावर काई येणार नाही."

तीस तारीख, कायम होण्याचा कागद, बाबांचं रोजचं वाक्य... सगळं ललिताच्या समोर आलं. 'हो' म्हणणं किती सोपं होतं.

"नाही," ती म्हणाली. "डबे म्या लावले. उद्या लोक म्हणतील, साहेबानं झाकलं आणि बदल्यात पोरगी पटवली. खरं तेच लिहा."

त्यानं खरं तेच लिहिलं. सोमवारी मिठानं भरलेली मालगाडीची वाघीण बडनेऱ्याला लागली, गुरुवारी लढाई थांबली, फळ्या खऱ्याखुऱ्या मालानं भरल्या. मधल्या दिवसांत तो आला नाही. लोक मात्र येत, मीठ घेत आणि उगीच हसत. ललिताला त्यांचा राग येई, आणि दारात छत्री दिसली की हात थांबे. छत्री दुसऱ्याच कोणाची तरी निघे.

तीस तारखेला दुपारी तिच्या हातात कागद पडला. ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल समज देण्यात येत आहे. कायम करण्याचा निर्णय तीन महिने लांबणीवर. नोकरी गेली नव्हती. मिळालीही नव्हती. हसावं की रडावं ते न समजून ती कागदाकडे पाहत असतानाच समोर कोणीतरी उभं राहिलं. हातात पिशवी नव्हती. एक ट्रंक होती.

"बदली झाली," धर्मपाल म्हणाला. "अकोल्याले."

"माझ्यामुळं?"

"मिठामुळं. टंचाईत निरीक्षकानंच खरेदी केली म्हणून. खरंच होतं ते." त्यानं खिशातून अहवालाची नक्कल काढून गल्ल्यावर ठेवली. "तुमच्याबद्दल काय लिहिलं ते तुमी वाचावं, म्हणून आणली."

ललितानं वाचलं. डबे रिकामे होते. विक्रेतीनं ते गर्दी आवरण्यासाठी लावले, गर्दी आवरली. साठ्यात एक दाणा कमी नाही. दुसरी गर्दी निरीक्षकाच्या खरेदीमुळे झाली. खरेदीचं कारण: खाजगी.

त्या शेवटच्या शब्दावर तिची नजर अडली. एवढ्या नेटक्या अक्षरात तोच एक शब्द जरा वाकडा उतरला होता.

"अकोल्याले कसे जाणार?" तिनं मान वर न करता विचारलं.

"मोटारीनं. साडेचारची आहे."

"मोटारीनं काहून? बडनेऱ्याहून गाडी भेटते नं."

"बडनेऱ्यापर्यंत जा लागते आधी."

"शटल आहे पाच-वीसची." तिनं कागद घडी करून त्याच्या हातात दिला, बोटं लागली, आणि दोघांनीही ती लगेच काढली नाहीत. "मी त्याच गाडीनं जाते."

पाच-वीसला दोघं समोरासमोर बसली होती. मध्ये ट्रंक. गाडीचा डबा निम्मा रिकामा होता, तरी दोघंही ट्रंकेच्या कुलपाकडेच पाहत होती.

"बाबा फलाटावरच असतात या वेळेले," शेवटी ललिता म्हणाली. "त्यांना सारं माहीत आहे. शनिवारी माझ्याआधी बातमी पोचली होती घरी."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, त्या मीठवाल्याचं तोंड तं पाहू दे एकदा."

धर्मपालनं घाईनं चष्मा पुसला, भांग सारखा केला. मग थांबला. "आणि तुमी? तुमी काय म्हणता?"

"मले नाही समजून राहिलं," ती खरं तेच म्हणाली. "सोळा दिवस झाले, काईच समजून नाही राहिलं... तुमचा राग येते. आणि तुमी नाही आले तं त्याचाही येते."

शिट्टी झाली. गाडी हलली. खिडकीतून ओल्या मातीचा वारा आत आला आणि तिच्या पदराचं टोक ट्रंकेवर येऊन पडलं. तिनं ते उचललं नाही.

"जानेवारीत," ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली. "कायम झाल्यावर. त्याच्याआधी नाही."

"काय जानेवारीत?"

ललिता वळली आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहून हसली.

"आता तेही मीच सांगू काय?"