अब्बांची जवारी

मिरजेत आता गल्लोगल्ली ध्यानघरं झाली होती. मुलीचं स्थळ ठरवायचं असो की गुडघ्याचं ऑपरेशन, माणसं आधी तिथे जाऊन डोळे मिटत. कपाळाला ‘स्मृतिपट्टी’ बांधली की एक शांत आवाज दहा पायऱ्या उतरायला सांगे. खाली एक दार, आणि दाराआड जो भेटेल तो आपला ‘वाटाड्या’. असं ध्यान लोक पूर्वीही करत, पण तेव्हा सगळं धूसर दिसायचं. ही पट्टी मेंदूतल्या आठवणी हुडकून उजळवायची, त्यामुळे वाटाड्या समोर बसून बोले. शेजाऱ्यांचा सल्ला घेणं लोकांनी सोडलं होतं, आणि शेजारीही त्यामुळे सुखात होते.

दिलशादच्या दाराआड अब्बांचा कारखाना होता. आढ्याला टांगलेले सुके भोपळे, चपड्याच्या पॉलिशचा वास आणि पाटावर मांडी घालून बसलेले अब्बा. बारा वर्षांपूर्वी ते गेले आणि तंबोऱ्यांचं काम तिच्या अंगावर पडलं. तिला सगळं येत होतं, जवारी सोडून. तार ज्या घोडीवरून जाते, तिच्या पाठीला कानशीने केसभर उतार द्यायचा, म्हणजे तार नुसती वाजत नाही, गुणगुणते. तीच जवारी. एक हात जास्त पडला तर घासलेलं परत भरता येत नाही. अब्बा एका कानाने बहिरे. ते भोपळ्याला गाल लावून ऐकत आणि कितीही जमलं तरी म्हणत, "हल्लू, बेटी. अजून बसली नाही." शाबासकी त्यांनी जन्मात दिली नाही. त्या कुरकुरीसाठी तिचा जीव तुटायचा, म्हणून ती दर आठवड्याला पायऱ्या उतरे.

एक दिवस अब्बांच्या जुन्या गिऱ्हाईक, गायिका प्रमिलाताई आठल्ये आपला तंबोरा घेऊन आल्या. गाणं सुटल्यापासून तो गवसणीतच होता. वापरातल्या तंबोऱ्यांची घोडी झिजते, जवारी पुन्हा काढावी लागते. त्यामुळे अब्बांच्या हातची जवारी आता एवढ्या एकाच तंबोऱ्यावर उरली होती. फक्त तारा बदल, जवारीला हात लावू नकोस, असं त्यांनी दोनदा बजावलं.

दिलशादने नव्या तारा चढवल्या, छेडल्या. आवाज करकरीत वाटला. अब्बांची जवारी अशी कशी असेल? तिचा धीर होईना, म्हणून ती पायऱ्या उतरली. अब्बा म्हणाले, "बसली नाही. घास, बेटी."

तिने घासलं. तिसऱ्या हाताला तंबोरा असा बोलला की तिला रडूच आलं. पुन्हा खाली गेली तेव्हा अब्बा चक्क "शाब्बास" म्हणाले.

प्रमिलाताईंनी तंबोरा छेडला, पुन्हा एकदा छेडला.

"सुरेख आहे गं," त्या म्हणाल्या. "पण हा तुझ्या अब्बांचा नाही."

दिलशाद तडक ध्यानघराच्या डॉक्टर मेधा रेगे यांच्याकडे गेली. त्यांनी समजावलं, की आठवण म्हणजे ट्रंकेतला फोटो नव्हे. बाहेर काढली की ती ओल्या मातीसारखी मऊ होते आणि परत ठेवताना नव्याने घट्ट होते. एरवी फरक थोडाच पडतो. पट्टीखाली मात्र ती फार वेळ मऊ राहते, आणि आपल्याला जे ऐकायचं असतं ते तिच्यात मिसळत जातं.

"किती वेळा भेटलात त्यांना?"

"पाचशेच्या वर असंल."

"मग ते आता बहुतेक तुम्हीच आहात."

"पण सांगतात ते बरोबर निघतंय की."

"तुमचा हात तयार झालाय, म्हणून. सल्ला तुमचा, आवाज तेवढा त्यांचा. त्यांचं ऐकता ऐकता तुमचा कानही बदलत गेला."

मूळचे अब्बा परत काढता येतील का, असं तिने विचारलं. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. आता उतरू नका, म्हणाल्या, उरलंय तेवढं तरी राहील.

पुन्हा उतरायचं नाही असं ठरवून ती कारखान्यात आली. निदान त्यांच्यासारखं ऐकावं, म्हणून तिने तिथला एक तंबोरा आडवा घेतला आणि भोपळ्यावर वाकली. अब्बांचा कुठला कान बहिरा होता? तिने उजवा गाल लावून पाहिला, मग डावा. दोन्ही बरोबर वाटले. हे सांगू शकणारा एकच माणूस होता, दहा पायऱ्या खाली, आणि ती म्हणेल त्याला तो हो म्हणणार होता.