सातव्या पिंजऱ्यात कोण?

"बिबट्या," भाविका म्हणाली.

"पेंग्विन," लखन म्हणाला.

आशाने अजून मत दिलं नव्हतं. आणि तिघांचं एकमत झाल्याशिवाय सातवा पिंजरा भरायचा नाही, हा नियम तिघांनीच केला होता.

खेळाचं नाव 'जंगलबाग'. मोबाइलवर आपलं प्राणीसंग्रहालय उभारायचं, पिंजरे बांधायचे, प्राणी आणायचे, प्रेक्षकांना खूश ठेवायचं. दिवाळीनिमित्त त्यात पाच नवे प्राणी आले होते आणि त्यातला एक फुकट मिळणार होता. मुदत आज संध्याकाळी सहापर्यंत. चार दिवस भाविका बिबट्यासाठी भांडत होती. लखनला पेंग्विन हवा होता, कारण तो चालता चालता पडतो.

"आपल्या कळसाडीच्या उन्हात पेंग्विन? पापड होईल त्याचा."

"खेळात एसी शे," लखन म्हणाला. "तुन्हा बिबट्या काय करस? झोपस आणि शेपूट हलवस. तुन्हा चुनीकाका बी तेच करस."

आशाने बिबट्याच्या चित्रावर बोट टेकवलं. चित्रात एकच पिल्लू होतं. "याची आई कुठे आहे?"

आशा घरी पावरी बोलायची. मराठी तिला आश्रमशाळेच्या पुस्तकातून आलेलं, म्हणून ते छापल्यासारखं स्वच्छ होतं. लखन तिला 'बातम्या' म्हणायचा.

"आई नंतर मिळते, दहाव्या पातळीला," भाविकाने सांगितलं.

"मग पिल्लू नको. आई त्याला शोधत येते."

"बातम्या संपल्या," लखन म्हणाला.

भाविका आणि लखनला दिवाळीची सुट्टी होती. आशाला सुट्टी नव्हती, तिची शाळाच सुटली होती. तोरणमाळच्या पायथ्याच्या पाड्यावरून तिची माणसं ऊस तोडायला आली होती, आणि शाळा काही डोक्यावर घेऊन येता येत नाही. भाविकाच्या आजोबांचा, रूपचंद आबांचा, तो ऊस. उसाच्या कडेला टोळीच्या बारा कोप्या. चार बांबू, उसाचं वाळलेलं पाचट, वर प्लास्टिक. कोपीला दार नसतं. एवढं लक्षात ठेवा.

एरवी ही तिघांची सभा मळ्यातल्या पंपघरापाशी भरायची. तिथल्या हौदावर आशा पाण्याला यायची आणि हंडा भरेपर्यंत खेळायची. आज मात्र चुनीकाकाने सगळ्यांना हाकललं होतं. हौद कोरडा होता, म्हणून आशा हंडा घेऊन थेट भाविकाच्या घराच्या ओट्यावर आली होती.

"हौद कोरडा कसा?" लखनने विचारलं. "लाईट तर दहालाच आली."

शेतीची लाईट दिवसातून आठ तास येते. ती आली की पहिल्या मिनिटाला मोटर सुरू होते. माणूस जेवणाच्या ताटावरून उठेल, पण मोटर लावेल. आबांची केळी पाण्याला आली होती, दुपारचे तीन वाजले होते, आणि मोटर मुकी होती.

भाविकाने आईच्या मोबाइलवर चुनीकाकाचं स्टेटस उघडलं. काकाला व्हिडिओ बनवायचं भारी वेड. आजच्या स्टेटसला दुधाच्या बाटलीचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'संध्याकाळी धमाका. घरी नवे पाहुणे.'

पाच मिनिटांत तिघं मळ्यात होती. पंपघराच्या दाराला कुलूप, समोर खाटेवर चुनीकाका घोरत होता. मागच्या बाजूला एक उंच झरोका. लखन भाविकाच्या खांद्यावर चढला, त्याने आत पाहिलं आणि तो घसरतच खाली आला.

"दोन," तो म्हणाला. "केळीच्या क्रेटमध्ये. मांजरं नाहीत. बिबट्याची पिल्लं."

आतून बारीक आवाज येत होता. कुईं. मग थांबून पुन्हा कुईं. मोटरच्या आवाजाने पिल्लं बिथरतील म्हणून काकाने मोटरच लावली नव्हती. केळीची तहान गेली खड्ड्यात, धमाका महत्त्वाचा.

आशा खाली बसली. तिला सकाळपासून एक गोष्ट खटकत होती. तिचा आठ महिन्यांचा भाऊ, भरत, रोज बांधावरच्या बाभळीला टांगलेल्या झोळीत झोपायचा. आज आईने, फुलीबाईने, झोळी सोडली, त्याला पाठीशी बांधलं आणि तसाच दुपारपर्यंत ऊस तोडला. का, विचारलं तर गप्प राहा म्हणाली.

"आईला माहीत आहे," आशा म्हणाली. "तिला कोणीतरी गप्प बसवलं आहे."

वनखात्याचा नंबर शाळेच्या भिंतीवर रंगवलेला. भिंतीवर चेंडू मारल्याबद्दल सरांनी लखनला तो शंभरदा लिहायला लावला होता. शिक्षा पहिल्यांदाच उपयोगी पडली. फोनवर वनरक्षक मॅडम होत्या. त्या धडगावच्या रस्त्याला होत्या, यायला दोन तास तरी लागणार होते. त्यांनी ठामपणे सांगितलं. पिल्लांना मुलांनी हात लावायचा नाही, घरातल्या मोठ्या माणसांना उठवायचं. पिल्लं जिथे सापडली त्याच जागी, उजेड असेपर्यंत परत गेली पाहिजेत. त्याच जागी, अंदाजाने नाही. अंधार पडला की आई तिथे येते.

"आणि तिथे नसली तर?" भाविकाने विचारलं.

"तर ती शोधत फिरते. आधी जवळच्या माणसांत."

जवळची माणसं म्हणजे बारा कोप्या.

काका ऐकणार नव्हता. त्याला उठवून विनवलं असतं तर त्याने पिल्लं दुसरीकडे लपवली असती. लखनने मग वेगळीच वाट धरली. ओट्यावर पेपर वाचत बसलेल्या आबांसमोर तो जाऊन उभा राहिला आणि भोळा चेहरा करून म्हणाला, "आबा, मोटर जळनी का हो? लाईट शे, पण पाणी नाही."

आबांनी पेपर टाकला. केळीच्या पाण्याशी खेळणारा माणूस आबांना चोरापेक्षा वाईट वाटायचा. त्यांच्या कमरेला पंपघराची दुसरी किल्ली होती. काका डोळे चोळत उठेपर्यंत कुलूप निघालं होतं.

"केळी मरी ऱ्हायनी आणि तू मांजरं पाळस?" आबा गरजले. मग क्रेटमध्ये नीट पाहिलं आणि आवाज खाली आला.

काकाने सगळं सांगितलं. सकाळी टोळीतल्या डावखुऱ्या बाईच्या पातीत, म्हणजे तिच्या वाट्याच्या उसाच्या ओळीत, पिल्लं निघाली. तिने मुकादमाला सांगितलं, मुकादमाने काकाला. बभ्रा झाला तर तोड बंद पडेल म्हणून बाईला दम दिला. एक व्हिडिओ झाला की उद्या तो पिल्लं वनखात्याला देणारच होता.

"बरं, मग उद्या सकाळी देऊ," आबा म्हणाले. "एका रात्रीने काय होतं."

भाविका आबांपुढे कधी बोलली नव्हती. आज ती पुढे झाली. "आबा, आपल्या घराला लोखंडी दार आहे. आशाच्या कोपीला काय आहे?"

"ते डोंगरातले लोक. त्यांना सवय असते."

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. दुसऱ्याचं दुःख पाहायचं नसलं की मोठी माणसं त्याला सवय म्हणतात.

"भरत आठ महिन्यांचा आहे," आशा म्हणाली. "त्याला अजून कशाचीच सवय नाही."

आबांनी क्रेटकडे बोट केलं. मग काकाला म्हणाले, "हातमोजे घाल. क्रेट उचल."

साडेचार वाजले होते. क्रेट घेऊन सगळे शेतात आले आणि जागीच थांबले. सकाळी जिथे डोक्याच्या वर ऊस होता तिथे आता एकरभर सपाट जमीन होती. पाचटाची चादर आणि तिच्यावर शेकडो मोळ्या. जागा कुठली? काकाला माहीत नव्हती, मुकादमाने आणून ठेवलेली पिल्लं त्याने बांधावरूनच उचलली होती. मुकादमाचा फोन बंद. फुलीबाईला दुपारीच पलीकडच्या गावच्या शेतात ट्रक भरायला पाठवलेलं. आणि इथेही एका टोकाकडून ट्रक भरायला सुरुवात झाली होती. एकेक मोळी उचलली जात होती, खुणा पुसत चालल्या होत्या.

"त्या बाजूला असेल," काकाने हात हलवला.

"असेल चालत नाही," लखन ओरडला.

आशा मोळ्यांमध्ये शिरली होती. उसाची मोळी उसाच्याच वाढ्याने, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पानांनी, बांधतात, पीळ देतात आणि टोक खोचतात. सगळ्या मोळ्या सारख्याच दिसतात, पण ज्याने बांधली त्याचा हात त्यात असतो. फुलीबाई डावखुरी. तिचा पीळ उलटा पडतो.

"ही नाही. ही नाही. ही आईची," आशा म्हणाली. "ही पण. ही आईची पात." ती ओळ धरून पळू लागली, मागे भाविका, मागे क्रेट घेतलेला धापा टाकणारा काका. उलट्या पिळाची मोळी, पुन्हा उलट्या पिळाची, पुन्हा. पण पात लांबच लांब, आणि त्यात नेमकी जागा कोणती? सूर्य बाभळीला टेकत आला होता.

मग आशा थांबली. समोर उसाची एक रास नुसतीच पसरली होती. खाली वाढं अंथरलेलं, वर ऊस रचलेला, पण गाठ नाही. ट्रक भरणारे ती सोडून पुढे गेले होते. सुटी मोळी डोक्यावर कोण घेणार?

"आई मोळी कधीच उघडी सोडत नाही," आशा म्हणाली. "एकदा तिला ताप होता, तरी बांधली होती. इथे ती घाबरली. इथेच."

भाविकाने पाचट बाजूला सारलं. त्या राशीपासून दोन हातांवर जमिनीत एक उथळ खळगा होता. आत मऊ झालेलं पाचट आणि भुरे केस.

काकाने क्रेट खळग्यात टेकवला. ट्रक थांबवला गेला. आबांनी बाराही कोप्यांतली माणसं, भांडी, कोंबड्या, सगळं आपल्या घरामागच्या, भोवती भिंत असलेल्या खळ्यात आणलं आणि फाटक लावलं. फुलीबाई परतली ती भरतला पाठीशी घेऊनच. आशाने तिला सगळं सांगितलं. तिने आशाचं डोकं पोटाशी घट्ट धरलं.

मॅडम आल्या तेव्हा उजेड संपत होता. गच्चीवरून त्यांनी दुर्बीण लावली. खाली शेत राखाडी झालं. कुईं ऐकू येत होतं. पंधरा मिनिटं गेली, वीस गेली.

"आली," मॅडम पुटपुटल्या.

बांधावरून एक सावली उतरली. क्रेटपाशी थांबली. मान खाली, मान वर, आणि तोंडात काहीतरी लोंबकळत ती बांधापलीकडे गेली. एकच. दुसरं पिल्लू आता एकटं रडत होतं. भाविकाने आशाचा हात इतका दाबला की बोटं पांढरी पडली. ती परत आलीच नाही तर?

ती आली. दुसरं उचललं आणि गेली. मग आवाज उरला नाही.

मॅडमनी आधी काकाच्या मोबाइलमधले सगळे व्हिडिओ पुसायला लावले, मग त्याचं नाव, पत्ता लिहून घेतला. त्यानंतर तिघांकडे वळल्या. बारा वर्षं नोकरी करतेय, म्हणाल्या, पण अशी जागा मला सापडली नसती. आबांनी ते ऐकलं. ते फुलीबाईसमोर गेले आणि खाली पाहत म्हणाले, "बाई, तुन्ही पोर मन्ह्या चुनीपेक्षा शहाणी शे. तोड संपेपर्यंत तुम्ही सगळे इथेच ऱ्हा."

खळ्यात जागा कालही होती, परवाही होती. पण आबांच्या तोंडून ते निघालं, हेही काही कमी नाही.

ओट्यावर भाविकाने मोबाइल उघडला. सहा वाजून गेले होते, फुकटचा प्राणी गेला होता. सातवा पिंजरा तसाच. वर लाल अक्षरं चमकत होती, 'पिंजरा रिकामा आहे. प्रेक्षक नाराज आहेत.'

"पुढच्या वेळी पेंग्विन?" लखनने हळूच विचारलं.

आशाने भरतला मांडीवर घेतलं होतं. तो झोपला होता. तिने पडद्यावरच्या लाल अक्षरांकडे पाहिलं.

"प्रेक्षकांना नाराज होऊ दे," ती म्हणाली.

तिघांचं एकमत झालं.