पंधराच्या वर

धनेशच्या बाबांचे कान गिरणीतल्या साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटानं खाल्ले होते. डिलाईल रोडच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर आई त्यांच्याशी बोलायची ते खाली पानवाल्याला ऐकू जायचं. बाबा मात्र न ऐकताच "हो, हो" म्हणत मान डोलवायचे.

त्या सवयीनंच घात केला. हॉस्पिटलात आई शेवटचं काहीतरी पुटपुटली. "हो, हो, पाणी आणतो," म्हणून बाबा उठले आणि पाणी घेऊन येईपर्यंत ती गेली होती. धनेशच्या बायकोनं, दर्शनानं, ते मोबाइलवर टिपलं होतं. अकरा सेकंदांत आईचे नुसते ओठ हलताना दिसत, मग बाबांचं "हो, हो" ऐकू येई.

"काय बोलली रे ती?" बाबा वर्षभर रोज विचारत. धनेशचं पोट अॅम्प्लिफायर दुरुस्तीवर चाललेलं, आणि आईचं एक वाक्य त्याला ऐकता येईना. त्याला स्वतःचीच लाज वाटायची.

शेवटी त्यानं स्पीकरची एक चिप आणली. तिच्या एका पायाची जोडणी बदलली की आवाज पायरीपायरीनं चढतो. माहितीपत्रकातल्या तक्त्यात कमाल पंधरा डेसिबल होते, मागच्या आलेखात अठरा. त्यानं कंपनीला मेल टाकून विचारलं. उत्तर आलं, पंधराच. अठरा ही छपाईची चूक, तशी जोडणीच नाही.

रविवारी दुपारी दर्शना अँटॉप हिलला बहिणीकडे गेली होती. बापलेक टेबलाशी बसले. स्पीकरला धनेशनं डेसिबल दाखवणारा मीटर जोडला होता.

सहावर पंख्याची घरघर ऐकू आली. नऊवर आईचा श्वास. बारावर "अहो". धनेशला हुंदका आवरेना. पण पंख्याची घरघर होती तेवढीच राहिली होती. आवाज वाढवला की सगळाच वाढतो. इथे आई तेवढी जवळ येत होती. त्यानं जोडणी पुन्हा तपासली. ती बरोबर होती.

पंधरावर ती म्हणाली, "अहो, येते मी."

धनेशनं बाबांच्या कानाशी ओरडून सांगितलं.

"निरोप घेत होती रे," बाबा म्हणाले. "'येते' म्हटल्यावर 'ये' म्हणायचं असतं. आणि मी पाणी आणायला गेलो. मला ऐकव."

"बाबा, याच्या वर जात नाही!"

बाबांनी स्पीकरवर तळहात ठेवला. "ये गो," ते म्हणाले.

स्पीकर खरखरला. धनेशनं वायर उपटली.

मीटरवर अठरा दिसत होते. वायर त्याच्या हातात होती.

बाबांनी दाराकडे पाहिलं. "ओरडतेस कशाला? येतंय ऐकू." मग धनेशला म्हणाले, "पाणी आण. तीन जिने चढून आलीय."

तो माठाकडे गेला. ग्लास घेऊन वळला तेव्हा बाबा दाराकडे बघत तसेच बसले होते. स्पीकरवरचा हात गार पडला होता.

तेरावं झाल्यावर त्यानं ती क्लिप पुन्हा लावली, नुसत्या मोबाइलवर.

"अहो, येते मी."

पुढे "हो, हो" नव्हतं. बाबांचा आवाज होता, जन्मात कधी बोलले नाहीत इतका हळू.

"धनेश, येतो मी."

मग पंख्याची घरघर. निघताना माणसं उंबऱ्याशी उत्तरासाठी थांबतात, तसे दोघं थांबले असावेत.

"या" त्याच्या ओठांवर आलं होतं. त्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

अकरा सेकंद केव्हाच होऊन गेले होते. क्लिप चालूच होती.