न वाजवायचं दार

रेनाता आमच्या बेटावर आली तेव्हा जून लागला होता. न्यूफाउंडलंडात जूनमध्येही जाड कोट लागतो, हे त्या बिचारीला कुणी सांगितलंच नव्हतं. मेक्सिकोतल्या आत्लिस्को गावची पोर, फुलांच्या मळ्यांत वाढलेली, समुद्रपक्ष्यांचा अभ्यास करायला निघालेली. देशाबाहेर पाऊल टाकलं ते हे पहिलंच. इथल्या वाऱ्यालासुद्धा मिठाची चव आहे, आणि ओळखदेख नसताना बायका ‘माझे बाय’ म्हणून हाक मारतात, याचं तिला भारी नवल वाटत होतं.

हेडली काकानं तिला बसथांब्यावरून गाडीत घेतलं. त्याच्याच घरी तिचं राहणं ठरलं होतं. घर आलं तसा म्हातारा म्हणाला, "तू हो पुढं, मी पेटी आणतो. सेलीना आत आहे."

रेनाता पायऱ्या चढली आणि तिनं दारावर टकटक केलं. तिच्या गावची रीतच ती. दार वाजलं की घरातलं माणूस लगबगीनं उठतं. आलेल्याला उंबऱ्याबाहेर ताटकळत ठेवणं त्यांच्यात फार वाईट.

आत भांड्यांचा आवाज चालला होता. तो थांबला.

कुणी आलं नाही. तिनं पुन्हा वाजवलं. पाऊल नाही, हाक नाही. चुलीतलं लाकूड तेवढं तडतडलं. दाराच्या पलीकडं कुणीतरी श्वास रोखून उभं आहे, असं तिला वाटलं.

मागून हेडली काका आला. एरवी हसरा माणूस, पण तोंड उतरलेलं. त्यानं खांद्यानं दार ढकललं. त्याला कडीही नव्हती, कुलूपही नव्हतं.

"मी आहे गं," तो ओरडला. "ही पोरगी वाजवत होती. तिला काय माहीत!"

सेलीना काकू टेबलाशी उभी होती. पाव कापायची सुरी तिनं छातीशी धरली होती. "अरे माणसा, तिला सांगायला तोंड नव्हतं तुला? जीव गेला असता माझा!"

"सांगणार होतो. पण हिनं बोलू दिलं तर ना! वाटभर पक्षी, पक्षी आणि पक्षी."

काकू हसली आणि तिनं सुरी खाली ठेवली. धुकं येतंय म्हणून काका होडी बांधायला गेला, आणि घरात दोघीच राहिल्या.

"काकू, आधी आईला फोन करू? एकटीच असते ती. तीन दिवस झाले, माझा आवाज नाही ऐकला तिनं."

"कर की. पण दोन घास खा आधी. फोन काय पळून जातोय? एवढीशी तू, इथला वारा उचलून पार आयर्लंडात टाकेल तुला." काकूनं काकवी लावलेला पाव पुढं सरकवला. मग हलकेच म्हणाली, "आणि बाय, दार वाजवू नकोस कधी. आमच्यात कुणी वाजवत नाही. ज्याला यायचं तो ढकलून आत येतो, दार उघडंच असतं."

"आणि कुणी वाजवलंच तर?"

"धीर झाला तर आम्ही म्हणतो, आत या. पण उठून उघडत नाही. उघड्या दारातून ज्याला आपलं आपण येता येत नाही, त्याला आपण घेऊ नये."

"कुणी उघडलं होतं का?"

"माझ्या जावेनं. असंच धुकं होतं..." काकूनं बशी पुसायला घेतली. "आम्ही गेलो तर दार सताड उघडं. टेबलावरचा चहा अजून गरम होता. एवढंच. तिचं पुढं काही कळलं नाही."

रेनाताला हसू येणार होतं, पण आलं नाही.

चार वाजून गेले असतील. खिडकीतून धक्का दिसत होता, तो हळूहळू पुसला गेला. मग अंगणाचं कुंपण गेलं. काचेला राखाडी धुकं येऊन टेकलं, आणि घरात ओल्या दोरांचा, कुजक्या शेवाळाचा वास भरला.

टक... टक... टक.

काकूनं डोळे मिटले. "आत या," ती मोठ्यानं म्हणाली. "दार उघडंच आहे."

कुणी आलं नाही.

टक... टक... टक.

"रेनाता..." बाहेरून आवाज आला. "दार उघड गं बाळा. हात गारठलेत माझे."

रेनाता ताडकन उठली. काकूनं तिचं मनगट धरलं. "काय म्हणतंय ते? मला ती बोली कळत नाही."

"माझी आई आहे! आमच्याच भाषेत..."

"तुझी आई कुठं असते?"

"घरी... मेक्सिकोत."

"मग दाराशी कोण आहे?"

रेनाताच्या डोळ्यांत पाणी आलं. "काकू... आई गेली का माझी?"

"मला नाही माहीत, बाय. बस खाली."

बाहेरचा आवाज रडत होता. आईसारखाच, मधेच नाक ओढत. "इतक्या लांब आले गं... तुला माया नाही का?" रेनातानं दोन्ही कान दाबून धरले, तरी तो आवाज ऐकू येत होता. किती वेळ गेला कोण जाणे. मग तो थांबला. जाणारी पावलं काही वाजली नाहीत.

ती फोनकडं धावली. नंबर दाबताना बोटं दोनदा चुकली. पलीकडं घंटा वाजत राहिली... वाजत राहिली...

"कोण?"

"आई!"

"अगं, होतीस कुठं? तीन रात्री डोळ्याला डोळा नाही माझ्या! जेवलीस का? थंडी आहे का तिकडं?"

रेनाता हसत होती आणि रडत होती. काकूनं खुर्चीत अंग टाकलं आणि छातीवर क्रूस काढला.

"आई, तू बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? उन्हानं जीव नकोसा झालाय, बाकी... थांब हं. दार वाजतंय."

रेनाताचं हसू तिथंच थिजलं. फोनमधून तिलाही ते ऐकू आलं. सावकाश. तीनदा.

"आई, उघडू नकोस."

"वेडी का तू? चेला असेल शेजारची. उन्हात उभं करू तिला?"

"आई, ऐक माझं... आई!"

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. सपाता फरशीवर घासत निघाल्या. "आले, आले," आई म्हणत होती. "कोण आहे?"

आणि आत्लिस्कोच्या त्या भर उन्हात, दाराबाहेरून रेनाताचाच आवाज आला.

"मी गं आई. हात गारठलेत माझे. कडी काढ ना..."